डोक्याला मार लागल्यानंतरचं पुनर्वसन: ‘पेशंट चालत घरी गेला’ म्हणजे नक्की काय?

वारणाकाठची

बरेच दिवस हे लिहायचं मनात होतं. आत्ता भाऊ शेजारच्या खोलीत झोपलाय, घरात शांतता आहे, तर लिहून टाकते. मोठं होईल, सांभाळून घ्या.

मागच्या वर्षी श्रावणात माझ्या धाकट्या भावाला अपघात झाला. दुकान बंद करून रात्री बाईकवरून घरी येत होता, रस्त्यात म्हैस आडवी आली. डोक्यावर हेल्मेट होतं, पट्टा लावलेला नव्हता. हेल्मेट आधी उडालं, मग डोकं रस्त्यावर आपटलं. वय ३१, मोटार रिवाइंडिंगचं दुकान, लग्नाला चार वर्षं, मुलगी दीड वर्षाची.

पहिल्याच रात्री ऑपरेशन झालं. मेंदूला सूज होती म्हणून उजव्या बाजूचं कवटीचं हाड काढलं आणि ते टिकावं म्हणून त्याच्याच पोटाच्या कातडीखाली ठेवलं. ‘हाड पोटात ठेवलंय’ हे आईला सांगताना मला शब्द सापडेनात. बारा दिवस बेशुद्ध. मग डोळे उघडले, पण नजर कुठंच ठरत नव्हती. गळ्यात नळी, नाकात नळी. विसाव्या दिवशी डॉक्टर म्हणाले, जीव वाचलाय, आता याला पुनर्वसनाच्या वॉर्डात हलवा.

असा काही वॉर्ड असतो हेच आम्हाला माहीत नव्हतं. धावपळ करून पुण्यात एका ठिकाणी जागा मिळवली. तिथं आम्ही अकरा आठवडे होतो. आधी नीट बसायला शिकला. मग गिळायला: पहिल्यांदा घट्ट पेज, चमच्याच्या टोकावर, मान किंचित खाली घालून. मग गळ्याची नळी निघाली आणि त्याचा आवाज ऐकू आला. मग उभा राहिला. आमचं सगळ्यांचं लक्ष त्याच्या पायांकडं होतं. फोनवर नातेवाईक एकच विचारायचे, ‘चालायला लागला का?’

आठव्या आठवड्यातला एक दिवस सांगते. वॉर्डाच्या टोकाला एक छोटं स्वयंपाकघर होतं. ओटा, शेगडी, साखर-चहापत्तीचे डबे. ऑक्युपेशनल थेरपिस्ट ताई (रोजची कामं परत करायला शिकवणाऱ्या) त्याला म्हणाल्या, दोन कप चहा करा. त्यानं पातेलं ठेवलं, पाणी ओतलं, गॅस पेटवला. साखर घातली, डबा बंद केला. परत उघडला, परत साखर. चहापत्तीचा डबा हातात घेतला आणि खिडकीत कबुतर फडफडलं, तिकडं बघत राहिला. पाणी आटून तळाला गेलं. मी दोनदा पुढं झाले, दोन्ही वेळा ताईंनी हातानं थांबवलं. शेवटी त्यांनीच गॅस बंद केला आणि विचारलं, ‘कसा झाला चहा?’ तो म्हणाला, ‘मस्त.’

त्याच दिवशी सकाळी तो काठीशिवाय अख्खा कॉरिडॉर चालून आला होता आणि आम्ही वॉर्डात पेढे वाटले होते.

मला तेव्हाच कळायला हवं होतं, पण कळलं नाही. घरी जाताना कागदावर लिहिलं होतं की दाखल करताना एफआयएम (रोजची कामं माणूस स्वतः किती करतो याचे गुण) ४६, घरी सोडताना १०४. खाली ‘गुड रिकव्हरी’. आम्ही तो कागद देव्हाऱ्यात ठेवला. हा माणूस घरी कसा वागेल, त्याला एकटं ठेवायचं का, त्याच्या हातात पैसे द्यायचे का, यातलं एक अक्षर कुणी समोर बसवून सांगितलं नाही.

घरी आल्यावर दुसऱ्या आठवड्यात तांब्याच्या तारेच्या व्यापाऱ्याला त्यानं एकाच बिलाचे पैसे तीनदा दिले. व्यापारी ओळखीचा, त्यानंच फोन केला म्हणून कळलं. ब्रश हातात घेऊन मोरीसमोर उभा राहायचा, ‘घास’ म्हणेपर्यंत तोंडात घालायचा नाही. वडील म्हणाले, आयतं खायची सवय लागली. वहिनी सांगून सांगून थकली. एकदा मुलगी रडत होती, तर यानं भरलं ताट भिरकावलं, आणि पाच मिनिटांनी तिलाच मांडीवर घेऊन विचारतोय, कोण रडवलं माझ्या बाळाला. वहिनी त्या रात्री माझ्यापाशी बसून म्हणाली, ‘ताई, तुमचा भाऊ आला, माझा नवरा अजून यायचाय.’

मग मी परत पुण्याला गेले, त्याच थेरपिस्ट ताईंना भेटले. तेव्हा कळलं की ब्रश घेऊन उभं राहणं हा आळस नाही, काम सुरू करण्याची कळच दुखावली आहे. मनाचा तोल जाणं, राग येणं, झालेलं न आठवणं, आणि सगळ्यात अवघड म्हणजे आपल्याला काही झालंय हेच न उमगणं, हे सगळं मेंदूच्या पुढच्या भागाला मार लागल्याचं दुखणं आहे. त्यांनी एक वही सुरू करून दिली. त्या वहीनं आमचं घर सावरलं असं मी म्हणेन, पण त्याबद्दल नंतर.

माझं म्हणणं एवढंच आहे: वॉर्डात असताना आपण पायांकडं बघत बसतो आणि घर चालतं डोक्यावर. ज्यांचं माणूस आत्ता अशा वॉर्डात आहे त्यांनी घरी सोडायच्या आधी तीन-चार आठवड्यांपासून हे विचारायला सुरुवात करा. आणि ज्यांनी हे सगळं भोगलंय त्यांनी कृपया लिहा. मला वाचायचं आहे.

---

रात्रपाळी

ताई, हे वाचून हात थरथरतायत. आज आमचा एकोणिसावा दिवस. वडील, वय ५८, स्कूटरवरून पडले. आणलं तेव्हा जीसीएस (शुद्धीचं माप) ७ होता. आता व्हेंटिलेटर निघालाय, डोळे उघडे असतात, पण ‘हात उचला’ म्हटलं तर उचलत नाहीत. काल सांगितलं की रिहॅबला न्या किंवा घरी न्या. घरी नेऊन तरी काय करायचं? आणि रिहॅबला नेऊन खरंच फरक पडतो का? मी हॉस्पिटलच्या जिन्यात बसून टाइप करतोय, चुका असतील तर माफ करा. कुणी डॉक्टर असतील तर प्लीज सांगा, बाबा परत बाबा होतील का?

---

पीएमआरवाला

रात्रपाळी, मी याच विषयातला डॉक्टर आहे. तुमच्या वडिलांना तपासलेलं नाही, त्यामुळं त्यांच्याबद्दल नाही, पण या दुखण्याबद्दल सांगतो.

जीसीएस हे माप १९७४ मध्ये ग्लासगोच्या टीझडेल आणि जेनेट यांनी काढलं. ३ ते १५. आठ किंवा त्याखाली म्हणजे गंभीर इजा. पण तो आकडा पहिल्या तासांचा आहे. पुढं माणूस किती सावरेल याचा अंदाज बांधायला आम्ही दुसऱ्या गोष्टीकडं बघतो: शुद्धीवर आल्यानंतर रोजचं नवीन काही लक्षात राहायला लागेपर्यंत किती दिवस गेले. हा गोंधळाचा काळ अपघातापासून मोजायचा, बेशुद्धीसकट. चार आठवड्यांच्या वर गेला तर इजा अतिशय गंभीर धरतात. वारणाकाठची ताई, तुमच्या भावाचा तो काळ बहुधा सहा-सात आठवडे असणार. वयाचाही यात मोठा वाटा असतो. ३१ आणि ५८ यांत फरक पडतो, हे लपवत नाही.

आता ‘फरक पडतो का’. अमेरिकेत १९८७ पासून टीबीआय मॉडेल सिस्टिम्स म्हणून हॉस्पिटलांचं एक जाळं आहे (टीबीआय म्हणजे मार लागून मेंदूला झालेली इजा). दाखल होऊन पुनर्वसन घेतलेल्या पेशंटचा पाठपुरावा ते वर्षानुवर्षं करतात. तिथली एक नोंद मला नेहमी धीर देते. पुनर्वसनाच्या वॉर्डात आले तेव्हा जे साध्या सूचनाही पाळत नव्हते, म्हणजे तुमच्या वडिलांसारखे, अशांपैकी ६८ टक्के लोक त्या मुक्कामातच शुद्धीवर आले. एकोणिसाव्या दिवशी दार बंद झालेलं नसतं. तुम्ही न्याच.

पण त्याच जाळ्याचे पाच वर्षांनंतरचे आकडेही सांगायला हवेत, कारण धाग्याचा विषय तोच आहे. मध्यम ते गंभीर इजा, वय १६ च्या वर, सगळ्यांना दाखल करून पुनर्वसन मिळालेलं. पाच वर्षांनी शंभरातले २२ हयात नव्हते, ३० आधीपेक्षा मागे गेले होते, २२ होते तिथंच होते आणि २६ आणखी सुधारले होते. अपघाताआधी नोकरी-धंदा करणाऱ्यांपैकी निम्म्याहून जास्त लोक बेकार होते. मी हे घाबरवायला लिहीत नाही. दाराबाहेर पाऊल टाकलं की पुनर्वसन संपलं असं धरणाऱ्या घरांत हे मागं जाणं मी स्वतः बघतो. हालचाल सुटते, माणसं तुटतात, फिटच्या गोळ्या मनानं बंद होतात.

एफआयएमबद्दल एक हिशेब मांडतो, ताईंचा १०४ त्यातून उलगडेल. त्यात १८ बाबी, प्रत्येकीला १ ते ७ गुण. म्हणजे कमीत कमी १८, जास्तीत जास्त १२६. यातल्या तेरा बाबी शरीराच्या: जेवण, अंघोळ, कपडे, संडास-लघवी, चालणं, जिना. पाचच बाबी समजणं, बोलणं, लोकांत वागणं, अडचण सोडवणं आणि आठवण यांच्या. शरीराच्या तेराही बाबींत पूर्ण गुण पडले की ९१ झाले. डोक्याच्या पाच बाबींत प्रत्येकी फक्त २ पडले तरी दहा. बेरीज १०१. कागदावर हा माणूस झकास दिसतो आणि घरी त्याला दहा मिनिटं एकटं सोडता येत नाही. म्हणून बेरीज मागू नका, त्या पाच बाबींचे गुण वेगळे मागा. तो तुमचा हक्क आहे.

---

यवतमाळकर

सगळं पटतं डॉक्टरसाहेब, पण खाटा कुठं आहेत हो? आमच्याकडं जिल्ह्याच्या ठिकाणी ऑपरेशन होऊन जातं, १०८ येते, योजनेत आयसीयूचं बिल बसतं, आणि मग माणूस नळ्यांसकट घरी. माझ्या पुतण्याला नागपूरहून गाडीत घालून काटपाडीला उतरवला आणि वेल्लोरला सीएमसीत (ख्रिश्चन मेडिकल कॉलेजच्या हॉस्पिटलात) नेला. भाषा येत नाही, पण तिथं घरच्या माणसालाच शिकवतात. कुशीवर कसं वळवायचं, खुर्चीत कसं बसवायचं, नळीतून कसं भरवायचं, सगळं माझ्या हातून करून घेतलं. परत आलो तेव्हा गावातल्या दोघा-तिघांना मी शिकवलं.

तिथला पुनर्वसनाचा विभाग ज्यांनी उभा केला त्या डॉ. मेरी वर्गीस स्वतः १९५४ च्या अपघातात कमरेखाली लुळ्या झाल्या होत्या. त्याही स्थितीत त्यांनी खुर्चीत बसून शस्त्रक्रिया केल्या, पुढं याच विषयाचं शिक्षण घेतलं, आणि १९६६ मध्ये तिथं पुनर्वसन संस्था सुरू झाली. तिथल्या भिंतीवरचा त्यांचा फोटो पुतण्याला रोज दाखवायचो.

पण विचारायचं हे आहे की महाराष्ट्रात प्रत्येक जिल्ह्याला अशा दहा खाटा का असू नयेत? मुंबईत हाजी अलीची केंद्र सरकारची संस्था १९५५ पासून आहे. त्यानंतर आमच्या विदर्भापर्यंत काय पोचलं? मेडिक्लेमवालेही ‘हे उपचार नाहीत, ही देखभाल आहे’ म्हणून हात वर करतात. माणूस वाचवायला पाच लाख द्यायचे आणि त्याला उभा करायला पन्नास हजार नाहीत, हे मला आजही बोचतं.

---

गुळपोळी

आमच्या ओळखीत एकाला रोज दोन वेळा औषधी तेलाचं मालिश आणि डोक्यावर शिरोधारा केली, सहा महिन्यांत चालायला लागला. तेही करून बघायला हरकत नाही असं वाटतं. ताई, तुमच्या चिकाटीला नमस्कार.

---

पीएमआरवाला

गुळपोळी, हातापायांना हलक्या हातानं तेल लावायला माझी ना नाही, कातडी चांगली राहते, माणसाला स्पर्श मिळतो. दोन ठिकाणी मात्र कृपया थांबा. जिथं कवटीचं हाड काढलेलं आहे तिथं डोक्याला हात लावू नका. आणि कोपर, खुबा, गुडघा गरम आणि सुजलेला दिसला तर जोर लावून चोळू नका. या पेशंटमध्ये सांध्याभोवती नको तिथं हाड तयार होतं किंवा पायाच्या शिरेत रक्ताची गुठळी असते. मालिशनं गुठळी सुटून फुप्फुसात गेलेली मी पाहिली आहे.

यवतमाळकर, खाटांबद्दल तुम्ही लिहिलंय त्यावर मला काही उत्तर नाही. खरं आहे ते.

---

दूरदेशी

मी मूळची नाशिकची, गेली चौदा वर्षं सिडनीत मेंदूच्या इजेच्या वॉर्डात ऑक्युपेशनल थेरपिस्ट आहे. चहाचा प्रसंग वाचून अंगावर काटा आला. आम्ही अगदी हेच करतो, फक्त इथं पेशंटला टोस्ट करायला सांगतात. आपल्याकडच्या पेशंटला टोस्ट सांगून उपयोग नाही. त्याच्या हाताला जे काम वर्षानुवर्षं माहीत आहे तेच द्यावं लागतं.

रात्रपाळी, तुम्हाला एक गोष्ट आजपासून करता येईल, तिला पैसे लागत नाहीत. भेटायला येणारी माणसं थांबवा.

डॉक्टरांनी गोंधळाचा काळ म्हटलं, त्या काळात मेंदूवर येणारा प्रत्येक आवाज, प्रत्येक चेहरा हा भार असतो. इथं आम्ही अशा पेशंटला शांत खोलीत ठेवतो, एका वेळी एक किंवा दोन माणसं, टीव्ही बंद, रोज शक्यतो तीच नर्स. आणि मी सुट्टीत घरी आले होते तेव्हा माझ्या मामांच्या शेजारच्या पेशंटभोवती एका वेळी अकरा माणसं पाहिली. प्रत्येकजण वाकून विचारतोय, ‘मला ओळखलंस का? सांग मी कोण?’ तो बिचारा एकेकाकडं बघतो, चुकीचं नाव घेतो, मागून कुणीतरी हुंदका देतं, आणि तासाभरात तो सलाइन उपटायला लागतो. मग हात बांधतात. मग तो आणखी चिडतो.

परीक्षा घेऊ नका, माहिती द्या. ‘मी कोण?’ ऐवजी ‘बाबा, मी तुमचा मुलगा. आज मंगळवार आहे. तुम्ही हॉस्पिटलात आहात, डोक्याला लागलं होतं, आता बरं होतंय.’ दर वेळी तेच, तेवढंच, हळू. मग गप्प बसा. शांत बसून हात धरणं हे काम आहे, ते वाया जात नाही.

गोंधळ संपला हे ठरवायला आम्ही वेस्टमीड नावाची प्रश्नावली वापरतो. रोज तेच बारा प्रश्न: वय काय, कुठला महिना, ही जागा कुठली, काल दाखवलेली तीन चित्रं कुठली, मी कोण. लागोपाठ तीन दिवस बारापैकी बारा आले की तो काळ संपला. त्याआधी त्याच्याकडून ‘काल सांगितलं होतं ना’ ही अपेक्षाच करायची नाही, कारण ‘काल’ त्याच्याकडं नसतो.

आणि हो, इथलं सगळं चांगलं आहे असं नाही. पण न्यू साउथ वेल्समध्ये रस्ते अपघातात मेंदूला गंभीर इजा झाली तर चूक कुणाची हे न बघता आयुष्यभराच्या उपचारांचा आणि मदतनिसाचा खर्च देणारी योजना आहे. गाड्यांच्या विम्यातून तो पैसा उभा राहतो. यवतमाळकरांनी विचारलंय त्याचं एक उत्तर तिकडं आहे असं मला मनापासून वाटतं.

---

अंजिरी

मी हा धागा दोन दिवस उघडून बंद करतेय. सगळे सुधारलेल्या माणसांबद्दल लिहितायत, मला लिहावं की नाही कळत नव्हतं.

माझे मिस्टर तीन वर्षं झाली अंथरुणावर आहेत. चार महिने रिहॅबमध्ये ठेवलं होतं. डोळे उघडे असतात. मी खोलीत आडवी चालले की नजर मागं येते, सासूबाईंच्या आवाजाला मान वळते. बोलणं नाही, मागितलेलं काही करणं नाही. रिहॅबमधून निघताना मोठ्या डॉक्टरांनी ‘प्लॅटो’ असा शब्द वापरला, म्हणजे आता सपाट.

नर्सिंग ब्युरोचा मुलगा दिवसा असतो, रात्री मी. दर दोन तासांनी कूस बदलते. गजर लावायला लागत नाही आता, जाग येतेच. लोक विचारतात, काही सुधारणा? मी काय सांगू? मागच्या मार्चमध्ये पहिल्यांदा ते हसले, शेजारचं पोरगं दाराला धडकलं तेव्हा. मी डॉक्टरांना सांगितलं तर म्हणाले, रिफ्लेक्स असेल. रिफ्लेक्स असेल तर असेल. मी पाहिलंय ते.

मला सहानुभूती नकोय. एवढंच विचारायचंय, आता तीन वर्षांनी परत कुठं दाखल करण्यात अर्थ आहे का?

---

परळची सिस्टर

अंजिरी, तुम्ही लिहिलंत ते फार बरं केलंत. मी तीस वर्षं सरकारी हॉस्पिटलात काढली, आता रिटायर आहे.

केईएममधल्या नर्स अरुणा शानबाग आमच्याच पेशातल्या, हल्ल्यात मेंदूला इजा होऊन अंथरुणाला खिळलेल्या. १९७३ पासून २०१५ पर्यंत, बेचाळीस वर्षं तिथल्या परिचारिकांनी पिढ्यान्‌पिढ्या त्यांना सांभाळलं. एवढ्या वर्षांत अंगावर एक बेडसोर नाही, याची दखल सर्वोच्च न्यायालयानं २०११ च्या निकालात घेतली. आमच्या बॅचच्या मुलींना ते वाक्य पाठ होतं. सुधारणेच्या कागदावर त्या बेचाळीस वर्षांना शून्य गुण आहेत. पण कातडी शाबूत ठेवणं, छाती साफ ठेवणं, बोटं आखडू न देणं हा उपचारच आहे, आणि तुम्ही तो एकटीनं रात्रीचा करताय.

दोन गोष्टी बघा. टाचा गादीला टेकू देऊ नका, पोटरीखाली उशी घ्या म्हणजे टाच अधांतरी राहते. सगळे माकडहाडाकडं बघतात आणि टाच फुटते. आणि भरवताना आणि नंतर अर्धा-पाऊण तास पाठ उंच ठेवा, नळीतून दिलं तरी. आमच्याकडं परत परत येणारे न्युमोनिया बहुतेक या चुकीतून येत.

आणि आठवड्यातून एक रात्र दुसऱ्या कुणाला तरी बसवा. हे सांगते म्हणून रागावू नका.

---

पीएमआरवाला

अंजिरीताई, तुम्ही वर्णन केलंय त्यात नजर मागं येणं ही महत्त्वाची खूण आहे. नजरेनं पाठलाग असेल तर त्या स्थितीला आम्ही ‘किमान जाणीव’ म्हणतो, निव्वळ उघड्या डोळ्यांची बेशुद्धी नाही. हा फरक एका भेटीत नेहमी कळत नाही, वेगवेगळ्या वेळी चार-पाचदा तपासावं लागतं, आणि घरच्या माणसाची नोंद तिथं फार कामाची असते. तुम्ही आरसा घ्या. त्यांच्या चेहऱ्यासमोर धरून हळू डावी-उजवीकडं न्या, नजर मागं येते का मोबाइलवर चित्रण करून ठेवा. स्वतःचा चेहरा हा नजर खेचणारा सगळ्यात जोरकस चेहरा असतो.

दाखल करण्याबद्दल: चार महिने ठेवण्यात मला अर्थ दिसत नाही, दोन-तीन आठवडे ठेवण्यात दिसतो. आखडलेल्या स्नायूंचं बघायला, नळीऐवजी तोंडानं थोडं घेता येतं का ते तपासायला, औषधांची यादी चाळायला. झोपाळू करणारी औषधं अशा पेशंटला वर्षानुवर्षं चालू राहिलेली सापडतात. डोक्यात पाणी साठलंय का हे बघायला एक सीटीही करून घ्या, ते शंट (पाणी काढून नेणारी नळी) टाकून सुधारतं.

अमँटाडीन नावाच्या औषधाबद्दल तुम्ही वाचलं असेल. २०१२ मध्ये १८४ पेशंटवरचा अभ्यास प्रसिद्ध झाला, सगळे दाखल होऊन पुनर्वसन घेणारे. चार आठवडे औषध दिलं तेव्हा त्यांची सुधारणा भरभर झाली, बंद केल्यावर वेग कमी झाला. पण ते पेशंट इजेनंतर चार ते सोळा आठवड्यांतले होते. तीन वर्षांनी तसाच गुण येईल असं मी म्हणणार नाही. मनानं सुरू तर करूच नका.

---

कोर्टकचेरी

अपघाताचे दावे चालवतो, म्हणून या बाजूनं थोडं. दाव्याचा अर्ज अपघातापासून सहा महिन्यांत करायचा ही अट १ एप्रिल २०२२ पासून लागू आहे. घरचे लोक वॉर्डात गुंतलेले असतात आणि ही मुदत निसटते. रात्रपाळी, समोरच्या गाडीचा संबंध असेल तर एफआयआरची प्रत आत्ताच काढून ठेवा.

वारणाकाठची ताईंच्या भावासारख्या केसमध्ये अपंगत्वाचं प्रमाणपत्र हातापायांवरून निघतं आणि टक्का कमी येतो. पण भरपाई त्या टक्क्यावर अडत नाही. राजकुमार विरुद्ध अजयकुमार या २०१० च्या निकालात सर्वोच्च न्यायालयानं सांगितलंय की हा माणूस त्याचा धंदा करून किती कमवू शकतो, ते बघायचं. हिशेब ठेवता न येणारा दुकानदार दोन्ही पाय शाबूत असून पूर्ण बसलेला असू शकतो. म्हणून न्यूरोसायकॉलॉजीची चाचणी करून घ्या आणि पुनर्वसनाच्या वॉर्डातली रोजची टिपणं मागून घ्या. तो चहाचा प्रसंग थेरपिस्टनी लिहून ठेवला असेल तर तो पुरावा आहे.

मदतनिसाचा खर्चही मागा. २०२० मध्ये मेंदूला इजा झालेल्या एका मुलीच्या दाव्यात सर्वोच्च न्यायालयानं दोन मदतनिसांचे दरमहा प्रत्येकी ५,००० धरून वर्षाची रक्कम १८ नं गुणली, २१ लाख ६० हजार फक्त त्याचे दिले.

अंजिरीताई, मिस्टरांच्या नावावरचं खातं अडलं असेल तर उच्च न्यायालयात अर्ज करून पत्नीला पालक नेमून घेता येतं. मुंबईत असे आदेश झालेले आहेत. व्यनि (व्यक्तिगत निरोप) करा, कागदपत्रांची यादी पाठवतो, फी वगैरे काही नाही.

---

वारणाकाठची

सगळ्यांचे आभार, किती मानू. अंजिरी, तुमचा प्रतिसाद मी वहिनीला वाचून दाखवला. ती म्हणाली, त्यांना सांगा, रिफ्लेक्स नव्हता.

कोर्टकचेरी, आमच्यात म्हैसच आडवी आली, त्यामुळं दावा नाही. पण टिपणं मागवते.

दूरदेशी, ‘काल त्याच्याकडं नसतो’ हे वाचून वडील बराच वेळ गप्प होते. संध्याकाळी त्यांनी स्वतःहून त्याच्या हातात ब्रश दिला, पेस्ट लावून, आणि ‘घास’ एवढंच म्हणाले.

---

रात्रपाळी (तेवीस दिवसांनी)

कळवायचं राहिलं होतं. बाबांना रिहॅबला हलवलं, कर्ज काढून. भेटणाऱ्यांची यादी दारावर लावली, रोज दोनच नावं. आत्या रुसली आहे. पाचव्या दिवशी ‘बोट दाबा’ म्हटल्यावर बोट दाबलं. मी परत म्हटलं, परत दाबलं. मग मला काही सुचेना, मी बाहेर जाऊन आलो.

आता बसतात, पेज गिळतात. मला ‘आप्पा’ म्हणतात, ते त्यांच्या मोठ्या भावाचं नाव. मी रोज सांगतो, मी तुमचा मुलगा, आज अमुक वार. काल ‘हो हो, माहिताय’ म्हणाले आणि पुढच्याच वाक्यात आप्पा. त्या पाच बाबींचे गुण वेगळे मागितले, देताना वॉर्डातले लोक थोडे चकित झाले पण दिले: पाचपैकी चारांत १, एकात २. पुढच्या आठवड्यात परत मागणार आहे.

ताई, तुम्ही वहीबद्दल नंतर लिहिते म्हणाला होतात. कधीपासून सुरू करू? आणि त्यात काय काय लिहायचं?

---

वारणाकाठची

आत्ताच घ्या, पण अजून त्यांच्याकडून लिहून घेऊ नका, तुम्हीच लिहा आणि वाचून दाखवा. आमच्या थेरपिस्ट ताईंनीही तसंच केलं. डाव्या पानावर आजचा वार, तारीख, जागा, कोण आलं. उजव्या पानावर आज काय काय करायचं, प्रत्येकापुढं चौकोन. झालं की त्यांच्या हातानं टिक. ती टिक महत्त्वाची, ती दुसऱ्यानं करायची नाही, वेळ लागला तरी. घरी आल्यावर ‘कुणाला किती पैसे दिले’ हे एक पान मागून सुरू करा. माझा भाऊ आता कुणालाही पैसे द्यायच्या आधी मागचं पान उघडतो. सगळ्याच वेळा नाही, पण उघडतो.

वही दोनशे पानी, पुठ्ठ्याच्या बांधणीची घ्या. सुटी पानं नकोत, आमची हरवली. आणि पेन दोऱ्यानं वहीलाच बांधा.